मुंबईचे गणपती पाहावे कसे?

भाद्रपद जवळ आला, घरोघरी मूर्तीची मागणी नोंदवून झाली, की आम्हांस कीर्तनानंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो. आरती होते, बुक्का लावून होतो, खिरापत हातावर पडते आणि मग एखादे गृहस्थ हळूच पुढे येऊन म्हणतात, “बुवा, यंदा मंडळींना घेऊन मुंबईचे गणपती पाहायला जायचं आहे. आपण दरवर्षी जाता. काय पाहावं, काय करावं, कुठं काय खावं, जरा सांगा.” आम्ही उत्तर देण्यापूर्वीच त्यांच्या खिशातून कागद निघतो. त्यावर सतरा-अठरा मंडळांची नावे असतात, दोन देवळे असतात, चौपाटी असते, खरेदीचे बाजार असतात आणि मुक्काम असतो अवघा दोन रात्रींचा.

अशा कागदाकडे पाहून आम्हांस आमच्या पंढरीत येणारे काही यात्रेकरू आठवतात. मोटारी महाद्वारापासून दूर थांबतात, मंडळी धावत येतात, कळसाचे छायाचित्र घेतात, चिरमुरे-बत्ताशांची पिशवी विकत घेतात आणि पुढच्या क्षेत्राकडे धावतात. ना चंद्रभागेत पाय बुडवणे, ना नामदेवांच्या पायरीशी क्षणभर थांबणे. आम्ही क्षेत्रस्थ मंडळी अशा यात्रेस मनातल्या मनात नावे ठेवतो. परंतु हेच आम्ही मुंबईस गेलो की काय करतो? तेथे आमचीही धावाधावच चालते. दुसऱ्याच्या गावी जाऊन आपण कसे वागतो, यावरून आपल्या गावच्या श्रद्धेची परीक्षा होते, हे आम्ही फार उशिरा शिकलो. ते कसे शिकलो, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेखनप्रपंच.

तीर्थयात्रेचा नियम

महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे मोठे प्रकरण आहे. तेथे तीर्थांची नामावळी सांगण्यापूर्वी अधिकार सांगितला आहे. ज्याचे हात, पाय आणि मन स्वाधीन आहे, जो मिळेल त्यात संतुष्ट आहे, ज्याला अहंकार नाही, त्यालाच तीर्थाचे फळ मिळते, असा त्याचा आशय. तीर्थांची संख्या त्यात कोठेही मोजलेली नाही. अमुक इतकी स्थळे केली म्हणजे अमुक इतके पुण्य, असा हिशेब मांडणाऱ्याने आधी हा अधिकार वाचावा.

हा विषय ज्यांना सविस्तर पाहावयाचा असेल त्यांनी महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड उघडावा. तीर्थयात्रेचा विचार आणि तीर्थांची प्रदीर्घ सूची त्यात आली आहे. गंमत अशी की, पाच खंडांतील सुमारे साडेसहा हजार पृष्ठांचा हा ग्रंथ रचणारे काणे राहत होते ते मुंबईत, गिरगावातील आंग्रेवाडीत. १९६३ साली भारतरत्न झालेल्या या पंडिताने भारतवर्षातील सगळी तीर्थे धर्मग्रंथांतून वेचून एकत्र केली ती या महानगराच्या गजबजाटात बसून. तेव्हा मुंबई म्हणजे नुसता बाजार, असे जे समजतात त्यांनी निदान एवढे तरी ध्यानी धरावे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. उत्सवात मुंबईस जायचे तर यात्रेकरू म्हणून जावे, गिऱ्हाईक म्हणून जाऊ नये. गिऱ्हाईक ‘किती मिळाले’ ते मोजते. यात्रेकरू आपण किती नम्र झालो ते पाहतो. एका दिवशी दोन स्थळे, फार तर तीन. प्रत्येक ठिकाणी बसणे झाले पाहिजे, एक आरती पुरी झाली पाहिजे, आणि त्या स्थळाचा इतिहास निदान एका वाक्यात तरी मुलांना सांगता आला पाहिजे.

आक्काची मुंबई

हे शहाणपण आम्हांस शास्त्र वाचून आले नाही. ते २०१६ साली आमच्या थोरल्या बहिणीमुळे आले.

आमचे मेहुणे गिरणगावात एका गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. राहायला भाड्याच्या खोलीत आणखी पाच जणांबरोबर, जेवायला खानावळीत. आक्का सासू-सासऱ्यांच्या सेवेसाठी पंढरपुरातच राहिली. दर भाद्रपदात मेहुण्यांचे पत्र येई. त्यात तेथल्या गणपतीचे वर्णन असे आणि शेवटी, पुढल्या वर्षी तुला घेऊन येतो, असे आश्वासन असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि त्यांतल्या पुष्कळांचे काम कायमचे गेले. मेहुणे एक वळकटी घेऊन गावी परतले. ते ‘पुढले वर्ष’ आले नाही. पुढे चार वर्षांनी ते गेले.

आक्काने हा विषय पुन्हा कधी काढला नाही. परंतु वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी एके दिवशी ती म्हणाली, “बाळ, तू दरसाल मुंबईला जातोस. मला एकदा तिथला गणपती दाखव. ह्यांनी लिहिलेला.”

आम्ही तिला घेऊन गेलो. कुर्डुवाडीस रात्रीची गाडी धरली, सकाळी दादरला उतरलो. गौरी-विसर्जन आटोपले होते. आमच्याही खिशात असाच एक कागद होता. पहिल्या दिवशी आम्ही तिला पाच ठिकाणी फिरवले. दुसऱ्या दिवशी दुपारी एका मोठ्या मंडळाच्या रांगेत उभे राहिलो. मंडळाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण दोष कोणा एकाचा नव्हे. एवढ्या लोकसागरापुढे कार्यकर्ते तरी काय करणार? रांग सात तास चालली. चरणांपाशी पोहोचलो तेव्हा पाठीमागून रेटा आला, पुढून हाताला धरून कोणी ओढले, “चला, चला” असा घोष झाला आणि आम्ही बाहेर फेकले गेलो. आक्काची पिशवी आत राहिली. बाहेर येताच ती भिंतीला टेकली आणि खाली बसली. तिचे डोळे फिरले होते.

समोरच्या चाळीतून एक बाई धावत आल्या. “आजी, घरात चला, पंखा आहे,” म्हणून त्यांनी तिला आधार दिला आणि तळमजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत नेले. तेथे कोपऱ्यात, कपाटाच्या शेजारी, वीतभर उंचीची शाडूची मूर्ती बसवली होती. पुढे समई, बाजूला केवडा, वर रंगीत कागदाचे मखर. त्यांच्या मुलीने पाण्याचा पेला पुढे केला.

वाचकहो, हा क्षण आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. आमची आक्का अत्यंत सोवळ्याची. वैधव्य आल्यानंतर तीस वर्षांत तिने परक्या घरी पाणीदेखील घेतले नव्हते. गाडीतसुद्धा तिचा तांब्या तिच्याबरोबर असे, आणि तो तांब्या आता हरवलेल्या पिशवीत गेला होता. तिने पेल्याकडे पाहिले. मग कोपऱ्यातल्या गणपतीकडे पाहिले. आणि पेला दोन्ही हातांनी धरून ती पाणी प्याली. कोणाचे घर, कोणते कूळ, हे तिने विचारले नाही. विचारावेसे वाटले नाही, असे तिनेच पुढे सांगितले.

त्या बाईंचे सासरे गिरणीत साचा चालवीत असत, हे बोलण्यातून कळले. कोणती गिरणी, हे आक्काने विचारले आणि मग तास-दीड तास त्या दोघी बोलत राहिल्या. दिवेलागणीला चाळीतली पाच-सात मुले टाळ घेऊन आली, आरती झाली. आक्काने त्या मूर्तीपुढे बसून अथर्वशीर्ष ऐकले. निघताना तिच्या हातावर उकडीचा एक मोदक आला. तिने तो तेथेच, त्यांच्यासमोर खाल्ला.

परतीच्या गाडीत आम्ही खजील होऊन म्हणालो, “आक्का, फार हाल झाले तुझे. धड दर्शनही झालं नाही.” ती म्हणाली, “अरे, रांगेत मला माणसांच्या पाठी दिसल्या. गणपती मला त्या घरात दिसला. ह्यांनी लिहिलेला तो हाच असणार.” २०१८ च्या माघात आक्का गेली. तिची मुंबई म्हणजे ते दोन खोल्यांचे घर.

त्या दिवसापासून आम्ही खिशातला कागद फाडून टाकला.

काय पाहावे

आता प्रश्नाचे उत्तर. यात्रेचा आरंभ ग्रामदेवतेपासून करावा, हा आपला रिवाज. मुंबईची ग्रामदेवता मुंबादेवी. कोळी बांधवांची ही आई. तिचे मूळ देऊळ बोरीबंदराच्या परिसरात होते, अठराव्या शतकात ते हल्लीच्या जागी आले. जिच्यावरून या नगरीला नाव मिळाले तिला न भेटता पुढे जाणे म्हणजे यजमानीण दारात उभी असता थेट माजघरात शिरणे होय.

त्यानंतर प्रभादेवीचा सिद्धिविनायक. आज त्याच्या कळसाला सोन्याचा मुलामा दिसतो. पण मुलांना सांगावी ती त्याच्या आरंभाची कथा. १९ नोव्हेंबर १८०१ रोजी या उजव्या सोंडेच्या गणपतीची प्रतिष्ठापना झाली. देऊळ बांधले लक्ष्मण विठू पाटील यांनी, आणि द्रव्य दिले देऊबाई पाटील या स्त्रीने. तिला स्वतःला अपत्य नव्हते. या देवाच्या दर्शनाने इतर स्त्रियांची कूस उजवावी, एवढीच तिची इच्छा होती. स्वतःस जे मिळाले नाही ते दुसऱ्यास मिळावे म्हणून देऊळ बांधणे, याहून मोठा धर्म कोणता? उत्सवाच्या दिवसांत येथे गर्दी असणारच. वृद्धांना घेऊन भल्या सकाळी जावे, आणि गाभाऱ्याजवळ पोहोचण्याचा हट्ट धरू नये.

सार्वजनिक गणपती पाहायचे तर पहिला मान गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा. १८९३ सालापासून येथे उत्सव होत आला आहे आणि मुंबईतील आद्य सार्वजनिक गणेशोत्सव म्हणून तो ओळखला जातो. १९०१ साली लोकमान्य टिळक येथे येऊन गेले. मूर्ती लहान, थाट साधा, गणपती पालखीतून येतो. मूर्तीची उंची वाढवण्याच्या चढाओढीत ही चाळ कधी पडली नाही. ज्यांच्या मनात भव्यतेची कल्पना घेऊन मुले आली असतील त्यांची प्रथम निराशा होईल. होऊ द्यावी. मग सांगावे की, एवढ्या लहान मूर्तीपुढून एवढी मोठी गोष्ट सुरू झाली. तेथून गिरगाव चौपाटी दूर नाही. लोकमान्यांचे देहावसान १ ऑगस्ट १९२० रोजी झाले आणि त्यांचा अंत्यविधी या चौपाटीवर झाला. त्यांचा पुतळा तेथे उभा आहे. अनंत चतुर्दशीस ज्या वाळूवरून हजारो मूर्ती समुद्राकडे जातात, तीच ही वाळू.

दुसरा दिवस गिरणगावासाठी ठेवावा. चिंचपोकळीचा उत्सव १९२० चा, लालबागच्या गणेश गल्लीचा १९२८ चा, आणि लालबागच्या बाजारातील उत्सव १९३४ चा. या शेवटच्या उत्सवाच्या मुळाशी कोळी आणि लहान व्यापारी यांचा नवस आहे. त्यांचा उघड्यावरचा बाजार बंद झाला होता. हक्काची जागा मिळावी म्हणून ते देवाला शरण गेले, आणि ती मिळाल्यावर त्यांनी मूर्ती बसवली. ही सगळी मंडळे कष्टकऱ्यांनी उभी केली. गिरण्यांचे भोंगे थांबले, धुराड्यांच्या जागी काचेचे मनोरे आले, तरी दरवर्षी हे दहा दिवस गिरणगाव पुन्हा गिरणगाव होते. तेथे जाताना मूर्तीबरोबर ही वस्तीही पाहावी. चाळींच्या गॅलऱ्यांतून वाळत घातलेली लुगडी-धोतरे आता कमी दिसतात. परंतु दारातील रांगोळ्या दिसतात, आणि दार उघडे दिसते.

तिसरे स्थळ म्हणून माटुंगा-वडाळा सुचवतो. किंग्ज सर्कलच्या गौड सारस्वत ब्राह्मण सेवा मंडळाचा उत्सव पाच दिवसांचा असतो, हे आधीच ध्यानी घ्यावे. सहाव्या दिवशी जाऊन हळहळणारे आम्ही पाहिले आहेत. तेथील पूजाविधी, मंत्रोच्चार आणि महाप्रसादाची पंगत पाहण्यासारखी असते. वडाळ्याचे विठ्ठलमंदिर तर आम्हां पंढरीच्या लोकांचे माहेरच. मुंबईकर त्यास प्रतिपंढरपूर म्हणतात. जे वारीला येऊ शकत नाहीत अशा कष्टकऱ्यांची आषाढी तेथे होते.

ज्यांना विद्येची ओढ आहे त्यांनी एक सकाळ काळबादेवीच्या कोलभाट गल्लीत घालवावी. जावजी दादाजी यांचा निर्णयसागर छापखाना येथला. ज्या घरात संस्कृत पोथी आहे त्या घरात निर्णयसागराचे अक्षर बहुधा असतेच. बालवयात छापखान्यात टाइप घासण्याच्या कामापासून ज्यांनी सुरुवात केली त्या जावजींनी देवनागरीचे असे सुबक टाइप पाडले की, काशीच्या पंडितांनीही या छपाईस मान द्यावा. ते वैभव आता राहिले नाही. तरीही आम्ही त्या गल्लीच्या तोंडाशी पादत्राणे काढून क्षणभर उभे राहतो. लोक आमच्याकडे पाहतात. पाहोत बापडे.

मुले बरोबर असतील तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि घारापुरीची लेणी दाखवावीत. घारापुरीतील सदाशिवाची त्रिमुखी मूर्ती पाहिल्यावर ध्यान या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. १९८७ साली या लेण्यांची जागतिक वारशाच्या सूचीत नोंद झाली. सोमवारी लेणी बंद असतात. भाद्रपदात समुद्र खवळलेला असला तर लाँच सोडत नाहीत. सोडली तरी लाइफ जॅकेट अंगात चढवल्याशिवाय पाऊल टाकू नये. डिसेंबर २०२४ मध्ये याच जलमार्गावर झालेली दुर्घटना विसरण्याजोगी नाही.

काय करावे

प्रथम, वेळेचा विचार. विद्युत्‌रोषणाई रात्री खरी, पण देव सकाळीही तेथेच असतो. लहान मुले आणि वृद्ध यांचे दर्शन सकाळी उरकावे, तरुणांनी रात्री खुशाल फिरावे. २०२५ साली पूर्ण झालेल्या भुयारी मेट्रोची गिरगाव, काळबादेवी आणि सिद्धिविनायक ही स्थानके परगावच्या मंडळींस मोठी सोयीची झाली आहेत. जिने चढण्या-उतरण्याचे आणि गर्दीत रेटले जाण्याचे कष्ट त्यामुळे पुष्कळ वाचतात.

दुसरे, घरातील प्रत्येक वृद्धाच्या व बालकाच्या खिशात नाव, उतरण्याचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. एकमेकांची चुकामूक झाल्यास कोठे थांबायचे ते सकाळीच ठरवावे. अंगावर दागिने घालून जाऊ नये. आणि पाण्याची बाटली व औषधे एकाच पिशवीत ठेवू नयेत. हा शेवटचा धडा आम्हांस कसा मिळाला, ते वर आलेच आहे.

तिसरे, नुसते पाहू नये, काही अर्पण करावे. अर्पण म्हणजे केवळ पेटीत टाकायचे पैसे नव्हेत. कोणत्याही एका मंडपात वा चाळीत बसून एक आरती खड्या आवाजात म्हणावी. एखादे भजन, एखादे स्तोत्र येत असेल तर कार्यकर्त्यांस विचारून ते म्हणावे. आम्ही तरुण होतो तेव्हा चाळीच्या चौकात पेटी-तबला मांडला जाई, तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या श्रोत्यांनी भरून जात, आणि पूर्वरंग संपून उत्तररंगाला हात घातला की वरच्या मजल्यावरून एखादी आजी कथेतील विसरलेले नाव आठवून देई. तसे श्रोते आता थोडे, पण ते अजून आहेत. दादरला अखिल भारतीय कीर्तन संस्थेच्या विठ्ठलमंदिरात अजूनही कीर्तनाची परंपरा चालू आहे. मुंबईच्या मुक्कामात एक कीर्तन अवश्य ऐकावे. हे आम्ही स्वार्थाने सांगतो आहोत, असे कोणी म्हटल्यास आमची ना नाही.

चौथे, विसर्जन पाहायचे तर दुरून पाहावे. पाण्यात उतरू नये. २०१३ साली गिरगाव चौपाटीवर पाकट माशांच्या दंशाने भाविक जखमी झाले होते. समुद्र हा देवाचा खरा, पण त्यात इतर जीवांचीही वस्ती आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री उशिरापर्यंत जादा लोकलगाड्या सोडतात. घाईने चालत्या गाडीत चढण्याचे साहस करू नये.

काय खावे

आता भोजनाचा विचार. चातुर्मास पाळणाऱ्या घरांस मुंबईत काय खावे, ही खरी अडचण वाटते. मुंबईचा वडापाव प्रसिद्ध. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर त्याचा जन्म झाला, असे सांगतात. पण त्यात लसूण आहे, वर लसणाचीच चटणी आहे. आम्ही चातुर्मासात त्यास दुरूनच नमस्कार करतो आणि कार्तिकी झाली की भेट घेतो. एकदा एका दुकानदाराने आम्हांस शिकवले, “बुवा, ‘जैन’ म्हणून मागा, कांदा-लसूण येणार नाही.” आम्ही तसे मागितले. कांदा-लसूण आला नाही हे खरे, पण बटाटाही गेला आणि त्या जागी कच्चे केळे आले! चव वाईट नव्हती.

गिरगाव आणि दादर येथील जुन्या मराठी उपाहारगृहांत पीयूष, साबुदाणा वडा, खरवस, उपवासाची मिसळ असे पदार्थ मिळतात. श्रीखंड आणि ताक घुसळून, जायफळ-केशराचा गंध देऊन केलेले पीयूष उन्हातून फिरून आलेल्यास खरोखर अमृतासारखे लागते. माटुंगा स्थानकाजवळ रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून चालू आहे. केळीच्या पानावर सांबार, रसम, भात असे सात्त्विक भोजन तेथे मिळते आणि भुकेल्यास दुसऱ्यांदा मागण्याचा संकोच वाटत नाही.

पण मुंबईच्या अन्नाचा विचार करताना आम्हांस आठवतात त्या गिरणगावातील खानावळवाल्या. ज्यांच्या घरी आमच्या मेहुण्यांसारखे शेकडो एकटे पुरुष जेवले, त्या बायांचे नाव कोठल्या पाटीवर लागले नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या स्त्रियांना एकत्र आणले. मंडळाला नाव दिले ते साक्षात देवीचे. मुंबईस जाणाऱ्या प्रत्येकाने तेथला पहिला घास घेताना या अन्नपूर्णांचे स्मरण करावे.

आणि शेवटचे म्हणजे, कोणी घरी बोलावले तर जावे. जे ताटात येईल ते प्रसाद म्हणून घ्यावे. ज्यांना व्रतनियम आहेत त्यांनी नम्रपणे सांगावे, निदान पाणी आणि मोदक तरी घ्यावा. आपल्या घरचे दोन लाडू, पंढरीचा बुक्का, शेतातली चार कणसे, असे काही बरोबर न्यावे. रिकाम्या हाताने देवाकडे जाऊ नये आणि माणसाकडेही जाऊ नये.

एक शंका

यावर कोणी म्हणेल, “बुवा, आपण मोठ्या मंडळांस जाऊ नका म्हणता. पण आमचा नवस आहे. चरणाला हात लावल्यावाचून तो फिटायचा कसा?” आम्ही जाऊ नका म्हणत नाही. नवसाचा आदर आहे. अंगात बळ आहे त्याने खुशाल रांगेत उभे राहावे आणि तेथे नामस्मरण करीत उभे राहावे. परंतु पंढरीचा अनुभव ऐका. आषाढीला लाखो वारकरी येतात. पददर्शनाची रांग कित्येक तासांची असते. ज्यास ती झेपत नाही तो मुखदर्शन घेतो. ज्यास तेही साधत नाही तो वाळवंटात उभा राहून कळसाला हात जोडतो आणि वारी पावली म्हणून आनंदाने गावी परततो. त्या कळसदर्शनाने विठ्ठल रागावल्याचे आम्ही कधी ऐकले नाही. मग जो सर्वांचा विघ्नहर्ता, त्याने आपल्या दारी वृद्ध माउलीला चेंगरून घ्यावे, अशी अपेक्षा कशी धरावी? नवस आपण बोललेला असतो. आजारी आईला सात तास उभे करावे, असे देवाने कधी मागितलेले नसते.

मोठ्या मंडळांच्या चालकांसही हात जोडून एक विनंती आहे. आपण वैद्यकीय मदत देता, पाणी देता, रुग्णालयांना साहाय्य करता, हे सर्व स्तुत्य आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली या उत्सवास राज्य महोत्सवाचा दर्जा दिला आहे. तो दर्जा गर्दीच्या आकड्यांवरून ठरू नये. रांगेतल्या शेवटच्या म्हातारीला बसायला मिळाले का, यावरून तो ठरावा. आणि धनिकासाठी वेगळे दार असेल तर वृद्धासाठीही वेगळे दार असावे.

आमच्या गावी एकादशीला नगरप्रदक्षिणा करण्याचा प्रघात आहे. तिच्यात देवळाबरोबर सारे नगर येते, त्यातली घरे, वाडे, मठ, वाटेवर बसलेली माणसे, सगळी येतात. नगरातच देव आहे, ही तिच्यामागची भावना. मुंबईचीही तशीच प्रदक्षिणा करावी. सावकाश, थोडी, आणि उघड्या डोळ्यांनी.

गेली काही वर्षे आम्ही मुंबईस गेलो की एक संध्याकाळ राखून ठेवतो. त्या चाळीत जातो. त्या बाई आता थकल्या आहेत, मुलगी सासरी गेली आहे, आणि चाळ पाडून तेथे मनोरा उभा राहणार, असे बोलले जाते. कोपऱ्यात तीच वीतभर मूर्ती असते. आम्ही आक्काच्या नावाने एक नारळ ठेवतो, आरती म्हणतो, पेलाभर पाणी मागून पितो आणि निघतो.

गजानन आपणां सर्वांस अशी एक ओळखीची चाळ, एक उघडे दार आणि पेलाभर पाणी देवो, एवढीच प्रार्थना करून ही वाक्‌सेवा त्याच्या चरणी ठेवतो.